राखणदाराची सावली

2025 च्या ऑगस्ट महिन्यात दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशातील मोकाट कुत्री उचलून निवारागृहांत कोंडावीत असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. अवघ्या अकरा दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या हुकुमाला मुरड घालून, पिसाळलेली आणि अंगावर धावून येणारी कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ ठिकाणी परत सोडण्याची मुभा दिली, आणि या दोन हुकुमांच्या दरम्यान देशभर जो वादंग माजला त्यात कुत्र्याविषयी काहीच मत नाही असा माणूस सापडणे दुरापास्त झाले. असाच गदारोळ 1832 च्या जून महिन्यात मुंबईत उसळला होता. कंपनी सरकारच्या पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारशी आणि हिंदू रहिवाशांनी बाजार बंद पाडून दंगा केला आणि तो शमविण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. या दोन प्रसंगांत एकशे त्र्याण्णव वर्षांचे अंतर असले तरी दोन्ही वेळी माणसे भांडली ती मुख्यतः ज्याला धनी नाही अशा कुत्र्यावरून. ज्याला धनी आहे, ज्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला साखळी आहे, ज्याच्या नावाने फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी टांगलेली असते, त्याच्यासाठी ना 1832 मध्ये कोणी दुकानाची फळी लावली, ना 2025 मध्ये कोणी मोर्चा काढला. धनी आहे त्याअर्थी त्याचे बरे चालले असले पाहिजे, असे आपण सर्वांनी मनोमन धरून टाकले आहे.

हे गृहीत किती पोकळ आहे ते ज्याला पाहावयाचे असेल त्याने वैशाखातील एखाद्या दुपारी, पारा त्रेचाळीस अंशांना टेकलेला असताना, सोलापुरातून एक फेरी मारावी. मोकाट कुत्रे या वेळी रस्त्यावर दिसतच नाही. ते हातगाडीखाली असते, नळाच्या गळतीने ओल्या झालेल्या मातीत पोट टेकून पडलेले असते, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीआड किंवा गटाराच्या कडेला अंग मुरडून निजलेले असते. त्याच्या नशिबी दगड आहेत, उपासमार आहे, वाहनाखाली येणे आहे, परंतु दुपारच्या दोन वाजता कोठे असावे हे ठरविण्याची मुखत्यारी त्याच्या पायांत आहे. आता अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, होटगी रस्त्याच्या गोदामांपाशी, जुळे सोलापुरातील एखाद्या ऐसपैस बंगल्याच्या कुंपणाआत किंवा शहराबाहेरच्या डाळिंबाच्या बागेतील वस्तीवर जाऊन पाहा. तेथे लोखंडी खांबाला चार-पाच हातांच्या साखळीने बांधलेला राखणीचा कुत्रा आढळतो. त्याच्या डोक्यावर असलाच तर पत्रा, पोटाखाली शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा, आणि जवळ पालथे झालेले एक स्टीलचे भांडे, ज्यातील पाणी सांडले नसते तरी एव्हाना अंघोळीच्या पाण्याइतके कढत झाले असते. ज्याला कोणी नाही तो सावलीत आहे आणि ज्याला धनी आहे तो उन्हात आहे, ही विसंगती आपल्या नित्याच्या पाहण्यातली असूनही आपल्याला खुपत नाही.

या कुत्र्याचा धनी दुष्ट असतो असे मुळीच नाही. किंबहुना सकाळी दहाच्या सुमारास त्याने कुत्रा बांधला तेव्हा तो लिंबाच्या गर्द सावलीतच बांधला होता, आणि ती सावली पाहून समाधानाने तो कामाला गेला. परंतु सावली ही स्थावर मालमत्ता नव्हे. सूर्य माथ्यावर येतो तशी ती बुंध्याशी गोळा होते, आणि कलतो तशी पूर्वेकडे सरकत सरकत कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या हद्दीत जाते; मोकळे जनावर तिच्यामागोमाग उठून जाते, बांधलेले जनावर तिच्याकडे पाहत राहते. म्हणून आपल्या मुलखात निवाऱ्याचा विचार साखळीच्या लांबीपासून वेगळा करताच येत नाही, आणि जो नियम केवळ ‘छप्पर आहे की नाही’ एवढे विचारून थांबेल तो कागदावर पाळला जाऊनही जनावराच्या उपयोगी पडणार नाही.

छपराचीही गोष्ट तीच. पत्रा पावसाला अडवितो, उन्हाला अडवीत नाही. तो ऊन पिऊन खाली ओकतो. कुत्र्याच्या देहाचे स्वाभाविक तापमान अडतीस-एकोणचाळीस अंशांच्या आसपास असते, त्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना काय थोडा येईल तेवढाच, आणि बाकी सारी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून धापा टाकीत श्वासावाटे घालवावी लागते. भोवतालची हवाच देहाहून तप्त झाली, वरून पत्रा आणि खालून फरशी या दोहोंच्या मध्ये तो सापडला आणि पाण्याचे भांडे कोरडे पडले, म्हणजे हा एकमेव मार्गही खुंटतो. नंतर जे होते त्याला पशुवैद्य उष्माघात म्हणतात आणि धनी ‘अचानक गेला हो’ असे म्हणतो. त्यातून अलीकडे हौसेने पाळल्या जाणाऱ्या जाती पाहाव्यात तर दाट लोकरीचा हस्की काय, दुहेरी केसांचा जर्मन शेफर्ड काय, चपट्या नाकाचा पग काय, या सर्वांना सोलापूरची हवा मानवावी असे त्यांच्या रचनेत काहीही नाही. आपल्या शेजारच्या राज्यातील बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याचे चित्र 2005 मध्ये टपाल खात्याने तिकिटावर छापले, तो आखूड केसांचा, सडपातळ आणि लांब तोंडाचा आहे. दख्खनच्या उन्हाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या घडविले आहे. परंतु तोही घडला आहे तो धावण्यासाठी, खांबाला बांधून घेण्यासाठी नव्हे.

आता कोणी म्हणेल की यासाठी कायदा नाही काय? आहे, आणि तो जुना आहे. भरतनाट्याला नवी प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल 1952 मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध एक खाजगी विधेयक सभागृहापुढे मांडले. सरकार स्वतःच असा कायदा आणील असे आश्वासन पंडित नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्या आश्वासनाचे फळ म्हणजे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेची जी लांबलचक यादी आहे तीत प्राण्याला अवास्तव आखूड किंवा अवास्तव जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, नित्य बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरविण्यात हयगय करणे हा गुन्हा आहे, आणि आपल्या मालकीच्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हाही गुन्हा आहे. म्हणजे सोलापुरातील त्या खांबाशी बांधलेल्या कुत्र्याची कैफियत साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच संसदेने लिहून ठेवलेली आहे. 2014 मध्ये बैलगाडा शर्यती आणि जल्लिकट्टू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यात प्राण्यांची पाच स्वातंत्र्ये वाचली, आणि त्यांपैकी एक शारीरिक व उष्म्याच्या त्रासापासून मुक्ततेचे आहे हे आपल्याकडील शर्यतींच्या गदारोळात बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही.

तथापि कायद्याने गुन्हा ठरविला खरा, पण त्याला दात दिले नाहीत. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 1960 साली पन्नास रुपयांत चार ग्रॅमहून अधिक सोने येत असे, तेव्हा त्या काळच्या माणसाला हा दंड जाणवला असता. आज तेवढ्या रकमेत नव्या पेठेत धड नाश्ता मिळणे कठीण. शिवाय निवारा न देण्याचा हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलिसाने डोळ्यांनी पाहिले तरी दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाखेरीज त्याला तपास करता येत नाही, आणि फिर्याद गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या मुदतीत दाखल झाली पाहिजे, अन्यथा ती बाद. केंद्र सरकारने 2022 च्या नोव्हेंबरात दंड वाढविणारा एक मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यावर सूचना मागविल्या, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. माझ्या मते दंडाची रक्कम हा दोष असला तरी तो मुख्य दोष नव्हे. पन्नासाचे पाच हजार केले तरी ‘पुरेसा निवारा’ म्हणजे किती आणि कसला हे कायद्यात कोठेच लिहिलेले नसल्यामुळे, पत्र्याची पेटी दाखवून धनी निर्धास्तपणे म्हणणार की हा पाहा निवारा, आणि त्याला खोटे पाडण्यास दंडाधिकाऱ्याजवळ कोणतेही माप नाही.

माप लिहिता येत नाही असे मात्र नाही, कारण आपल्याच सरकारने ते बैलासाठी लिहिलेले आहे. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे 1965 चे नियम सांगतात की ज्या भागात तापमान 37 अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराला गाडीला जुंपू नये, आणि एरवीही दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक व विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक राबवू नये. किती अंश, कोणती वेळ, किती तास, सारे आकड्यांत मांडलेले आहे. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या या जिल्ह्यात तो नियम सर्वत्र पाळला जातो असा दावा मी करणार नाही, परंतु मोडणाऱ्याला आपण मोडीत आहोत हे कळते एवढे तरी त्याने साधले आहे. याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. 2017 मध्ये केंद्राने कुत्र्यांची पैदास व विक्री करणाऱ्यांसाठी नियम केले आणि त्यांत पैदास केंद्रातील जनावरांना कसे ठेवावे हे नमूद केले. म्हणजे पिल्लू विक्रीला असते तोवर त्याच्या निवाऱ्याची काळजी सरकार वाहते, आणि ते विकले जाऊन एखाद्या गोदामाच्या फाटकाशी बांधले गेले की सरकारची नजर तेथून उठते. मालाची काळजी आहे, माल गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावर नाही.

परदेशांतील कायदे या बाबतीत पुष्कळ पुढे गेले आहेत, मात्र ते जसेच्या तसे उचलून आणणे शहाणपणाचे होणार नाही. जर्मनीत 2001 पासून कुत्रे पाळण्याविषयी एक स्वतंत्र नियमावली आहे. बाहेर ठेवलेल्या कुत्र्याला उष्णतारोधक साहित्याची झोपडी हवी, ती एवढीच मोठी की त्याच्या स्वतःच्या देहाच्या उबेने आतली जागा गरम व्हावी, आणि तिच्या जोडीला बाहेर सावलीत निजण्याची जागा हवी, असे ती बजावते. 2023 पासून तर तेथे कुत्रा बांधून ठेवण्यालाच सामान्यतः मनाई झाली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने 2017 मध्ये केलेल्या कायद्यान्वये चोवीस तासांत नऊ तासांहून अधिक काळ कुत्रा बांधता येत नाही, आणि पारा 90 अंश फॅरेनहाइटच्या वर किंवा 32 अंशांच्या खाली असेल तर अर्ध्या तासाहून अधिक नाही. टेक्सासमध्ये, जेथील ऊन आपल्याशी नाते सांगणारे आहे, 2022 च्या जानेवारीपासून बाहेर बांधलेल्या कुत्र्याला निवारा, सावली आणि पिण्याजोगे पाणी देणे बंधनकारक आहे. साखळी कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट किंवा दहा फूट, यांपैकी जे अधिक असेल त्याहून आखूड असता कामा नये. हे विधेयक तेथील गव्हर्नरने आदल्या वर्षी एकदा नामंजूर केले होते आणि काही महिन्यांतच दुसऱ्या स्वरूपात ते त्यांच्याच सहीने मंजूर झाले, ही हकीगत आपल्याकडच्या निराश होणाऱ्या मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परंतु पेनसिल्व्हेनियाचे ते 90 अंश फॅरेनहाइट म्हणजे आपले बत्तीस अंश. सोलापुरात फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत सकाळचा चहा संपतो न संपतो तोच बत्तीस अंश ओलांडले जातात. ती रेषा येथे आखली तर वर्षाचा तिसरा हिस्सा प्रत्येक राखणीचा कुत्रा बेकायदेशीर ठरेल, आणि जो नियम पहिल्या दिवशी सर्वांना गुन्हेगार ठरवितो तो दुसऱ्या दिवशी कोणीच मानीत नाही. जर्मनीची झोपडी तर आपल्याकडे घातकच ठरेल, कारण देहाची ऊब कोंडून ठेवणारी बंद खोली ही बर्लिनच्या पौषात वरदान असली तरी सोलापूरच्या वैशाखात भट्टी आहे. थंडीच्या देशांनी निवाऱ्याचे कायदे बर्फाकडे पाहून लिहिले. आपला नियम सूर्याकडे पाहून लिहिला गेला पाहिजे, आणि तो दिल्लीत बसून लिहिता येणार नाही, कारण दिल्लीच्या एकाच कायद्याला कोकणातील पावसाची झड, महाबळेश्वरची थंडी आणि सोलापूरची झळ या तिन्हींची मापे देता येत नाहीत. म्हणूनच हे काम संसदेपेक्षा महानगरपालिकेचे आहे असे माझे ठाम मत आहे.

सोलापूर महानगरपालिकेने आपल्या हद्दीपुरता एक छोटासा उपविधी करावा. त्यात असे असावे की बाहेर ठेवलेल्या कुत्र्याला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत प्रत्येक प्रहरी सावली पोहोचेल अशी जागा हवी, आणि त्या जागेपर्यंत त्याची साखळी पोहोचली पाहिजे. उघडा पत्रा हे छप्पर मानले जाणार नाही, पत्राच घालावयाचा असेल तर त्यावर उसाचे पाचट, गवत किंवा कडबा यांचा जाड थर हवा. आडोसा दोन बाजूंनी मोकळा असावा म्हणजे वारा खेळेल, आणि त्याची बैठक जमिनीपासून वीतभर उंच असावी म्हणजे वळवाचा पाऊस गारांसह कोसळतो तेव्हा किंवा परतीच्या पावसात अंगण तुंबते तेव्हा जनावर पाण्यात उभे राहणार नाही. पाणी जड मातीच्या किंवा दगडी भांड्यात, सावलीतच. साखळी दहा फुटांहून आखूड नसावी, आणि बैलाला जो 37 अंशांचा व बारा ते तीनचा न्याय लागू आहे तोच कुत्र्यालाही लागू करून त्या वेळात त्याला बांधून ठेवण्यास बंदी असावी, मग धन्याने त्याला व्हरांड्यात घ्यावे, खोलीत घ्यावे किंवा कुंपण लावून आवारात मोकळे सोडावे. दिवाळीतील आतषबाजीच्या रात्रींनाही हीच बंदी असावी असे मला वाटते, कारण आवाजाला घाबरून पळू पाहणाऱ्या आणि साखळीने मागे ओढल्या जाणाऱ्या जनावराची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगणे नको. या सर्वांना लागणारे पाचट आपल्या जिल्ह्यात शेतकरी जाळून टाकतात, आणि गोणपाटाला आजही कोणी फार पैसे मागत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की माणसांनाच जेथे धड छप्पर नाही तेथे कुत्र्याच्या छपराचे कौतुक कशाला? हा आक्षेप दिसतो तितका गरिबांच्या कळवळ्याचा नाही. पूर्व भागात यंत्रमागाच्या खोलीतच ज्यांचा संसार आहे अशा कुटुंबांत कुत्रा असला तर तो बहुधा साखळीला नसतो; तो उंबऱ्याशी, बाजेखाली, मोरीच्या गारव्यात असतो, कारण त्या घराला राखण करण्यासारखे आवार नाही आणि कुत्र्याला बांधण्यासारखी बाग नाही. बांधलेला कुत्रा हा आवार असणाऱ्याचा कुत्रा आहे. ज्याने भिंत बांधली, फाटक बसविले, कॅमेरा लावला आणि दिव्यांची माळ सोडली, त्याला चार बांबू व पाचटाचे एक ओझे परवडत नाही असे म्हणणे हा त्याचाच अपमान होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी सहजासहजी झिडकारणार नाही. प्रत्येक नवा नियम हा एखाद्या नव्या निरीक्षकाच्या हाती नवा तगादा देतो. आज दुकानाच्या फलकावरून, उद्या ओट्यावरून आणि परवा कुत्र्याच्या छपरावरून हप्ता मागितला जाईल, ही भीती निराधार नाही. म्हणून या उपविधीत पहिल्या वेळी दंड नकोच. पाळीव कुत्र्याची नोंद व परवाना ही महाराष्ट्रातील महानगरपालिकांना नवी गोष्ट नाही, आणि 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात करांच्या यादीत कुत्र्यांवरील कराचाही उल्लेख आहे. तेव्हा परवाना देताना व नूतनीकरण करताना निवाऱ्याचे एक छायाचित्र मागावे, तक्रार आल्यास पशुवैद्याने पाहून पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, आणि सुधारणा झाली की प्रकरण दप्तरदाखल करावे. दोन नोटिसांनंतरही जो ऐकणार नाही त्याच्यावर 1960 च्या कायद्याखाली फिर्याद करताना, ‘पुरेसा निवारा’ कशाला म्हणतात याचे माप या वेळी महानगरपालिकेच्या लेखी उपविधीत तयार असेल. 2001 च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था असावी असे राज्यांना सांगितलेले आहे. ते काम अशा संस्थेने केले तर निरीक्षकाच्या हातातील तगादा आणखी सैल होईल. मात्र परवाना रद्द करण्याची शिक्षा नको, कारण तिचा भोग धन्याला नव्हे, रस्त्यावर सोडल्या जाणाऱ्या कुत्र्याला भोगावा लागेल.

तिसरा आक्षेप हा आक्षेप नसून आत्मसंतोष आहे: आपली संस्कृतीच भूतदयेची, तेव्हा कायदे कशाला हवेत? दत्ताच्या पायांशी कुत्री आहेत, बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत कुत्र्याला मान आहे, आणि भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या पंढरपुरात घराघरांतून सांगितली जाते ते पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे. हे सर्व खरे आणि मला प्रियही आहे. परंतु ते कुत्रे साखळीला बांधलेले असते तर नामदेवांना धावावेच लागले नसते, आणि साखळीला बांधलेल्या कुत्र्याला भाकरी पळविण्याची संधीच मिळत नाही. आपल्या भूतदयेच्या कथा दारात येणाऱ्या जनावराच्या आहेत. दारात बांधून ठेवलेल्या जनावराविषयी परंपरेने आपल्याला फारसे सांगून ठेवलेले नाही, कारण पगारी पहारेकऱ्याच्या जागी बिनपगारी कुत्रा ठेवून चोवीस तास एका खांबाशी उभा करण्याची ही वहिवाट मुळी गोदामांच्या, बंगल्यांच्या आणि एकाकी वस्त्यांच्या काळातली आहे.

राहता राहिला महानगरपालिकेला हे करण्याचे धैर्य होईल की नाही हा प्रश्न. ज्या नगरपालिकेने 1930 मध्ये, इंग्रजी अंमल शिरावर असताना, कोणाची परवानगी न मागता आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढविला आणि ज्या शहराने त्याच वर्षी मार्शल लॉ सोसला, त्या शहराच्या महानगरपालिकेने चार बांबूंच्या छपरासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी, हे त्या इतिहासाला शोभणारे नाही. उपविधीला राज्य सरकारची मंजुरी लागते हे मान्य. मसुदा प्रसिद्ध करणे, हरकती मागविणे, सभेपुढे ठेवणे आणि मंत्रालयात धाडणे यात महिने जातील, म्हणून पावसाळ्यात सुरुवात केली तरच पुढच्या चैत्रापूर्वी काही हाती लागेल. जिल्ह्यातील बागा आणि वस्त्या महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, तेथे हा उपविधी पोहोचणार नाही. तेथे ग्रामपंचायतींना ठराव करावे लागतील, आणि द्राक्ष-डाळिंब बागाइतदारांच्या मेळाव्यात औषध-फवारणीच्या व्याख्यानाबरोबर दहा मिनिटे या विषयाला दिली तर कदाचित ठरावाहून अधिक काम होईल.

मधल्या काळात मात्र एक गोष्ट कोणाच्याही मंजुरीवाचून करता येण्याजोगी आहे. महानगरपालिकेची स्वतःची कामे ज्या ठेकेदारांकडे आहेत, त्यांचे साहित्याचे अड्डे, यंत्रसामग्रीची आवारे आणि कचऱ्याच्या गाड्यांचे तळ शहरभर पसरलेले आहेत, आणि अशा जागी रात्रीच्या चोरीच्या भीतीने कुत्रा बांधणे हा सर्रास शिरस्ता आहे. निविदेच्या अटींत मजुरांच्या सोयींविषयी जी कलमे असतात त्यांखालीच, कामाच्या जागी ठेवलेल्या राखणीच्या कुत्र्याला दिवसभराची सावली, दहा फुटांची साखळी आणि मातीच्या भांड्यात पाणी देणे ठेकेदारावर बंधनकारक राहील, व त्यात कसूर झाल्यास देयकातून रक्कम कापली जाईल, एवढी एक ओळ वाढवावयाची आहे. तिला विधिमंडळ लागत नाही, न्यायालय लागत नाही आणि लेखणीच्या शाईखेरीज खर्चही लागत नाही. पुढच्या निविदेचा मसुदा ज्या टेबलावर तयार होईल त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने मनावर घेतले तर ती याच महिन्यात लिहिता येईल.